पाचगणीची बोर्डिंगं आणि शिंप्याची वही

पाचगणी वसली ती पावसामुळे. महाबळेश्वर उन्हाळ्यात साहेबाला मानवायचं, पण पावसाळ्यात तिथे राहणं मुश्कील. बारा महिने राहता येईल अशी थंड जागा हवी, म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन हा इंग्रज रुस्तमजी दुबाश या पारशी गृहस्थाला बरोबर घेऊन हे डोंगर पालथे घालत होता. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा त्यांना पसंत पडली. चेसननं सिल्व्हर ओकची झाडं लावली. दुबाशनं शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, इमारतीचे ठेकेदार बोलावून घेतले आणि बाजाराखालची जागा त्यांना दिली. त्याच बाजारात पुढे माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी काज-बटणाला बसायचो. म्हणून पाचगणीच्या बोर्डिंगांचा इतिहास मला आधी कपड्यांवरून कळला, पुस्तकं नंतर वाचली.

शाळा आल्या त्या हवेच्या मागोमाग. आज प्रत्येक माहितीपुस्तकात देशोदेशीच्या मुलांचे हसरे फोटो असतात. सुरुवातीला मात्र ज्याची त्याची चूल वेगळी होती. १८९० च्या दशकात युरोपियन मुलामुलींसाठी पाचगणी हायस्कूल निघालं. १९०२ साली त्याचे दोन भाग झाले. मुलींची शाळा म्हणजे आजचं किमिन्स. मुलांची ती युरोपियन बॉईज हायस्कूल, पुढची सेंट पीटर्स. त्याआधी १८९५ मध्ये कॅथलिक जोगिणींनी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू केलं होतं. मग पारशांनी पारशी हायस्कूल काढलं, हिंदूंनी हिंदू हायस्कूल, मुसलमानांनी मुस्लिम शाळा. हाकेच्या अंतरावर इतक्या शाळा, आणि प्रत्येकीच्या दारावर कोणासाठी ते लिहिलेलं.

पुढे पाट्या बदलल्या. पारशी हायस्कूलचं बिलिमोरिया झालं, हिंदू हायस्कूलचं संजीवन विद्यालय. मुस्लिम शाळा आधी युनियन हायस्कूल झाली आणि मग अंजुमन-ए-इस्लाम. युरोपियनांच्या शाळेत भारतीय मुलं शिकू लागली. मुलं वेगळ्या वाटेनं मिसळत गेली आणि ती वाट समुद्रावरून येत होती.

पूर्व आफ्रिकेत तेव्हा हजारो गुजराती, पारशी, खोजा, गोवेकर कुटुंबं होती. केनियासारख्या वसाहतीत गोऱ्यांच्या, आशियाईंच्या आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत. मुलाला चांगलं इंग्रजी शिक्षण द्यायचं आणि विलायतेचा खर्च झेपत नाही, अशा बापाला हिंदुस्थानातली थंड हवेची बोर्डिंगं सोयीची वाटत. मुलगा बोटीनं मुंबईला उतरायचा, आगगाडीनं पुण्याला यायचा आणि पसरणीचा घाट चढून वर पोचायचा.

असाच झांजिबारहून एक आठ वर्षांचा पारशी मुलगा १९५० च्या दशकात सेंट पीटर्समध्ये आला. फारुख बुलसारा त्याचं नाव. वडील तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. तो पियानो वाजवायचा, टेबल टेनिस खेळायचा, आणि फ्रेडी हे नाव त्याला इथेच पडलं. शाळेत पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर फ्रेडी, सोबत नेपाळचा व्हिक्टरी राणा, इराणी घरातला फरंग इराणी, अँग्लो-इंडियन डेरिक ब्रँच आणि ब्रूस मरे. राणा पुढे नेपाळी सैन्यात जनरल झाला, इराणीनं पुण्यात सिझलरचं हॉटेल काढलं, ब्रँच इंग्लंडात नट झाला. फ्रेडी परत गेला आणि १९६४ च्या क्रांतीत झांजिबारमधून त्याच्या कुटुंबाला पळावं लागलं. जगाला तो ठाऊक झाला गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून. हा बँड कुणी ठरवून जमवला नव्हता. एका वसतिगृहात राहणाऱ्या आणि रेडिओवरची तीच ती गाणी ऐकणाऱ्या पोरांचा तो उद्योग होता.

ठरवून मिसळायचं असं पहिल्या दिवसापासून म्हणणारी शाळा म्हणजे न्यू एरा. १९४५ साली बहाई समाजानं ती काढली. बहाई धर्म एकोणिसाव्या शतकातला, इराणातला. माणूसजात एक, हे त्याचं मूळ सूत्र. त्यामुळे या शाळेत इराणी पोरं आली आणि त्यांच्यामागून इतर देशांची. 'तारे जमीन पर'मधली शाळा पाहिली असेल तर न्यू एरा तुम्ही पाहिलेली आहे.

आमच्या दुकानात या सगळ्यांची मापं एकाच वहीत असायची. परकी नावं वडिलांच्या कानाला नीट लागत नसत, म्हणून ते गाव लिहीत: तेहरान, मोंबासा, काठमांडू, आणि पुढे बोर्डिंगचा नंबर. तो नंबर लाल दोऱ्यानं फितीवर भरून प्रत्येक कपड्याला आतून टाचायचा. नाहीतर धोब्याकडून कुणाचा शर्ट कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसे. लांबच्या पोरांच्या पँटीला वडील पायाशी चार बोटं जास्त कापड दुमडून ठेवत. "हा सुट्टीत घरी जात नाही, इथेच वाढणार," म्हणत. सातारच्या पोराला दोनच बोटं.

नवरोज वर्षातून दोनदा असतो हे मला त्या वहीनं शिकवलं. इराण्यांचा मार्चमध्ये, पारशांचा ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा नवे कपडे, मध्ये ईद, दिवाळी आणि नाताळ. पोरं मापाला उभी राहून एकमेकांच्या सणाची चौकशी करत, कारण दुसऱ्याचा सण म्हणजे मेसमध्ये गोड. आपसात इंग्रजी, दुकानात मोडकी हिंदी, आणि मराठीतले आकडे व शिव्या मात्र अस्खलित.

हे सगळं खरं असलं तरी त्याला एक कुंपण होतं. त्या पोरांचे कपडे आम्ही शिवले, दूध गोडवलीहून आलं, भाजी खिंगरहून. पण बाजारातली आणि त्या पाच गावांतली आम्ही पोरं फाटकाच्या बाहेर. डे स्कॉलर होते, पण ते बंगलेवाल्यांचे आणि डॉक्टरांचे. मी शिकलो ते नगरपालिकेच्या शाळेत, आणि झांजिबार नकाशात कुठे आहे हे मला मास्तरांच्या आधी वहीतून कळलं. अडवायला जात वा धर्म लागत नव्हता, फी पुरेशी होती. जुन्या पाट्यांवर कोणासाठी ते लिहिलेलं तरी असायचं.

पाचगणीच्या शाळांनी जग इथे आणलं, हे श्रेय त्यांचं आहेच, आणि त्याचा आम्हा बाजारकरांनाही अभिमान वाटतो. आता माहितीपुस्तकात आपल्याकडे किती देशांची मुलं आहेत हे छापताना त्यांनी शेजारी आणखी एक आकडा छापावा: दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाटची किती.