औंधचे नमस्कार

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसाच्या कपाळावर आठी दिसू नये, असा संकेत आहे. परंतु मुलीचे लग्न, घराचा हप्ता, म्हाताऱ्या आईचे दुखणे यांना सणाची सुट्टी ठाऊक नसते. मी शाळामास्तर. चाळिशी ओलांडली आणि पहाटे तीनलाच माझी झोप मोडू लागली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळी लिहून दिली आणि विचारले, "मास्तर, एवढी कसली काळजी करता?" मला धड उत्तर देता येईना.

काळजी मनाची, पण झीज शरीराची. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली या झिजेवर एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले आणि पुढे 'ताण' हा शब्द वैद्यकात रूढ केला. वाघ समोर आला की शरीरात जे रस सुटतात, तेच सावकाराची नोटीस आली तरी सुटतात. छाती धडधडते, रक्तातील साखर चढते, स्नायू आवळले जातात. वाघ एकदा येऊन जातो; नोटीस मात्र महिनोन्‌महिने डोक्यात राहते. मग झोप उडते, पचन बिघडते, रक्तदाब वर जातो.

यावर आपल्याच मुलखात एका माणसाने फार पूर्वी हट्टाने एक उपाय चालविला होता. सातारा जिल्ह्यातील औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी सँडोचे विलायती व्यायामाचे साहित्य मागवून वर्षानुवर्षे घाम गाळला. पुढे चाळिशीच्या सुमारास, १९०८ साली, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढल्या वर्षी गादीवर आले, तरी नमस्कार सुटले नाहीत. उलट संस्थानातील शाळांतून ते सक्तीचे झाले! १९३६ साली बाळासाहेब विलायतेला गेले. तेथील लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. राजा लोकांना शिकारीचे शौक शिकवितो असे आपण ऐकतो. हा राजा जमिनीला कपाळ टेकायला शिकवीत होता.

या नमस्कारांत खरे मर्म कोठे आहे? बाळासाहेबांचा मंत्र स्पष्ट उच्चारण्यावर मोठा भर असे. मंत्र म्हणावयाचा तर श्वास सावकाश सोडावाच लागतो. २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी मंत्र म्हणणारे आणि ख्रिस्ती जपमाळ ओढणारे यांची तपासणी केली. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. म्हणजे गुण एका धर्माचा नव्हे, संथ श्वासाचा. त्याला रोजच्या ठरलेल्या वेळेची आणि कोवळ्या उन्हाची जोड मिळाली की रात्रीच्या झोपेलाही वळण लागते.

पण एकट्या व्यायामाने सारे भागत नाही, हे दाखविणारी दुसरी गोष्टही याच संस्थानात घडली. आटपाडी तेव्हा औंधकडे होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. तेथे १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांना भिंत नाही, साखळदंड नाही. त्यांनी शेती करायची आणि दिलेला शब्द पाळायचा. याच माणदेशच्या मातीतले गदिमा. त्यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, तो या प्रयोगावरच. ताणावरचे औषध म्हणून ही वसाहत कोणी काढली नव्हती. तरी मला वाटते, मोकळी हवा, हातांना काम आणि आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे ही भावना, एवढ्याने माणसाच्या छातीवरचे निम्मे ओझे उतरत असेल. त्याच १९३९ साली बाळासाहेबांनी आपली सत्ताही प्रजेच्या हाती दिली. ओझे वाटून घेतल्याने हलके होते, हे त्यांना उमगले असावे.

मी तीन नमस्कारांपासून आरंभ केला. आता बारा घालतो. गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडलेली नाही, आणि हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी आधी त्यांनाच विचारावे. काळज्या संपल्या असे म्हणणार नाही. हप्ता अजून चालूच आहे. पण त्या हप्त्याची गोष्ट मी परवा प्रथमच घरात मोकळेपणाने बोललो. धाकटा म्हणाला, "बाबा, मग यंदा फटाके नकोत." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो माझ्या शेजारी चटई टाकून उभा राहिला. त्या रात्री मला साडेपाचपर्यंत झोप लागली होती.