शोधपत्रिकांचें स्थित्यंतर

विद्या दिल्यानें वाढते, असें आपल्याकडे पूर्वापार मानलें जातें. परंतु विद्या देण्यासहि वाहन लागतें. आणि वाहन म्हटलें कीं त्याचा मालक आला, त्याचें भाडेंहि आलें. एका संशोधकाचा शोध दुसऱ्याच्या हातीं ज्या वाहनानें पोंचतो, त्यास शोधपत्रिका म्हणतात. गेल्या साडेतीनशें वर्षांत हें वाहन कोणाच्या हातीं गेलें, त्याचें भाडें कोणीं भरलें, आणि मुंबईच्या उपनगरांतील एका लहानशा संस्थेनें या इतिहासांत कोणती भर घातली, हें समजून घेण्यासारखें आहे.

सन १६६५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ ही पत्रिका काढली. तोंपर्यंत विद्वान लोक आपले शोध एकमेकांस पत्रानें कळवीत, अथवा ग्रंथ सिद्ध होईपर्यंत वर्षानुवर्षें थांबत. पत्रिकेमुळें शोध कोणाचा व केव्हांचा याची जाहीर नोंद होऊं लागली. मुंबईंत ही प्रथा आली ती सर जेम्स मॅकिंटॉश यांनीं १८०४ मध्यें स्थापिलेल्या लिटररी सोसायटीबरोबर. तिच्या निबंधांचा पहिला खंड निघण्यास मात्र १८१९ साल उजाडलें, आणि तोहि छापला गेला लंडनमध्यें. पुढें हीच संस्था रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली व १८४१ पासून तिची स्वतःची पत्रिका निघूं लागली. बाळशास्त्री जांभेकर यांचे प्राचीन लेखांवरील निबंध, डॉ. भाऊ दाजी यांचें अजिंठ्याच्या शिलालेखांविषयींचें विवेचन आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें संशोधन या पत्रिकेनें जगापुढें आणलें.

तथापि या संस्थेचें सभासदत्व एतद्देशीयांस प्रथमपासून खुलें नव्हतें. माणकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांस तें १८४० मध्यें मिळालें, आणि तेंहि आधीं एकवार नकार ऐकल्यानंतर. ज्या भूमीचा इतिहास शोधावयाचा, त्या भूमीच्याच पुत्रांना शोधमंदिराच्या दाराशीं तिष्ठावें लागलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. कारण शोधपत्रिकांच्या इतिहासांत दार कोठें आहे आणि किल्ली कोणापाशीं आहे, हा प्रश्न पुनः पुनः उभा राहतो.

या जुन्या पत्रिकांचा व्यवहार साधा होता. खर्च सभासदांच्या वर्गणींतून चाले, लेखकास मोबदला नसे, आणि इतर संस्थांचे अंक बहुधा अदलाबदलीनें मिळत. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १८८६ मध्यें सुरू केलेली पत्रिका याच परंपरेंतली. दुसऱ्या महायुद्धानंतर हें चित्र पालटलें. सरकारें विज्ञानावर मुक्तहस्तानें खर्च करूं लागलीं, निबंधांचा पूर लोटला, आणि पाश्चात्य व्यापारी प्रकाशकांस त्यांत मोठा धंदा दिसला. रॉबर्ट मॅक्सवेल यांनीं १९५१ मध्यें हातीं घेतलेली पर्गमॉन ही कंपनी याचें ठळक उदाहरण होय. या धंद्याची रीतच न्यारी! लेखक आपला माल फुकट देतो, परीक्षक त्याची पारख फुकट करतो, आणि तोच माल विद्यापीठें पैसे मोजून परत घेतात. शिवाय एका पत्रिकेची उणीव दुसरीनें भरून निघत नाहीं. तांदूळ महागला तर ज्वारीवर भागवितां येतें; हृदयरोगावरील नवा निबंध हवा असतां भूगर्भशास्त्राचा अंक स्वस्तांत मिळून काय उपयोग? म्हणून किंमत कितीहि चढली तरी ग्रंथालयास मान तुकवावी लागे. त्यांतून भारतीय ग्रंथालयांची वर्गणी परकीय चलनांत भरावयाची. १९९१ मध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें, तेव्हां तेच अंक रुपयांच्या हिशेबानें एकाएकीं महागले.

मुंबईच्या डॉक्टरांना याची झळ दुहेरी होती. बाहेरचें वाचावयास महाग, आणि आपलें लिहिलेलें बाहेर वाचलें जाण्याची मारामार. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकमंडळानें १९५५ मध्यें ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें नियतकालिक सुरू केलें होतें. रुग्णालय महापालिकेचें, खर्च करदात्यांचा, आणि रुग्ण मुलुंड-बोरिवलीपासून खेड्यापाड्यांपर्यंतचे. त्यांच्या व्याधींवरून मिळालेलें ज्ञान निबंधरूपानें छापलें जाई. परंतु अशा भारतीय पत्रिकांचे अंक परदेशीं फार थोड्या ग्रंथालयांत पोंचत.

अशा काळीं, १९९७ मध्यें, स्वतः डॉक्टर असलेले डॉ. डी. के. साहू यांनीं ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था काढली. तिचा पत्ता घाटकोपर पूर्वेचा, लिंक रोडलगतच्या कानरा बिझनेस सेंटरमधला. तिच्या व्यवहाराची मांडणी सुटसुटीत होती. पत्रिकेची मालकी व संपादन विद्वत्संस्थेकडेच राहावयाचें. निबंध संगणकावरून स्वीकारणें, परीक्षकांकडे धाडणें, जुळणी, छपाई आणि इंटरनेटवर प्रसिद्धि, हीं कामें मेडनोनें करावयाचीं. पूर्वीं निबंधाच्या प्रती टपालानें जात-येत आणि प्रवासांतच आठवडे मोडत. तो काळ वाचला. छापील अंक वर्गणीनें विकावयाचा, संगणकावरील मजकूर मात्र साऱ्या जगास विनामूल्य. आणि यांतील पुष्कळ पत्रिका लेखकाकडूनहि शुल्क घेत नसत.

याच सुमारास पाश्चात्य देशांतहि चळवळ उभी राहिली. फेब्रुवारी २००२ मध्यें बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला आणि शोधनिबंध सर्वांस विनामूल्य वाचावयास मिळावेत ही मागणी जगापुढें आली. परंतु अमेरिकेंतील ‘प्लॉस’ या संस्थेनें २००३ मध्यें पहिली पत्रिका काढली, ती लेखकाकडून निबंधामागें १,५०० डॉलर घेऊन. वाचकाचें दार उघडलें, पण लेखकाच्या दारावर कुलूप आलें. घाटकोपरच्या व्यवहारांत दोन्ही दारें उघडीं ठेवण्याचा यत्न होता. फुकट वाचावयास मिळाल्यावर छापील अंक कोण घेणार, ही शंका स्वाभाविक होती. प्रत्यक्ष अनुभव निराळा आला: पत्रिकेचें नांव सर्वत्र झाल्यामुळें छापील वर्गणी घटली नाहीं, असें साहू यांनीं वेळोवेळीं मांडलें. २००५ मध्यें शिकागो येथील परिषदेंत साहू, नित्या गोगटे आणि संदीप बावडेकर यांनीं के. ई. एम.च्या पत्रिकेचा अभ्यास सादर केला. मजकूर खुला झाल्यावर तींतील निबंधांचा इतर संशोधकांकडून होणारा उल्लेख वाढला आणि तो अधिक लवकर होऊं लागला, असें त्यांस आढळलें.

यश आलें, तशी मोठ्या व्यापाऱ्यांची दृष्टिहि वळली. २०११ च्या अखेरीस वोल्टर्स क्लूवर या डच कंपनीनें मेडनो विकत घेतली. पुढें या पत्रिकांवर अंधेरी पूर्वेच्या मरोळचा पत्ता येऊं लागला. मजकूर खुला ठेवण्याची चाल मोडली नाहीं. पण कारभाराचीं सूत्रें सातासमुद्रांपलीकडे गेलीं. जगभर लेखकाकडून शुल्क घेण्याची रीत बळावली, आणि तिच्या आडून पैसे घेऊन कांहींहि छापणाऱ्या खोट्या पत्रिकांचें पीक आलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ मध्यें पारखलेल्या पत्रिकांची यादी लागू केली. तीहि २०२५ मध्यें मागें घेतली गेली.

दुसरीकडे, महाग पत्रिका वाचावयास मिळाव्यात म्हणून केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. लहान गांवच्या सरकारी महाविद्यालयास या योजनेनें जें मिळालें, तें पूर्वीं केवळ मोठ्या विद्यापीठांस मिळे. हा लाभ थोडका नव्हे. परंतु ही सोय सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांस व अध्यापकांस आहे. बोरिवलींत खाजगी दवाखाना चालविणारा डॉक्टर, वा निवृत्त झालेला प्राध्यापक, अजून दाराबाहेरच आहे. त्याच्यासाठीं घाटकोपरहून खुल्या झालेल्या पत्रिका आजहि अधिक उपयोगाच्या.

संगणकानें कागदाचा, टपालाचा व वेळेचा खर्च उतरविला, यांत संशय नाहीं. पण ज्ञान कोणास मिळावें हें केवळ खर्चावर ठरत नाहीं. पत्रिका कोणाच्या मालकीची आहे, यावर तें ठरतें. के. ई. एम.च्या अध्यापकांना आपली पत्रिका जगास मोफत देतां आली, कारण ती त्यांची स्वतःची होती. आपल्या महाविद्यालयांनीं व विद्वत्सभांनीं छपाईचें काम खुशाल दुसऱ्यास द्यावें. पत्रिकेची मालकी मात्र कोणत्याहि किंमतीस हातची सोडूं नये.