बालकथांची मूळ आणि सौम्य रूपे

लोककथेतील किंवा परीकथेतील मृत्यू, क्रूर शिक्षा, फसवणूक असे प्रसंग लहान मुलांसाठी वगळून अथवा बदलून कथा सांगितली, की तिचे सौम्य रूप तयार होते. कोणते रूप निवडावे हा प्रश्न पालक आणि शिक्षक यांच्यापुढे नेहमी येतो. ‘मूळ’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. मौखिक परंपरेतील कथेला एकच पाठ नसतो. छापल्यावर त्यांपैकी एक पाठ स्थिर होतो, इतकेच.

== युरोपातील परंपरा ==
शार्ल पेरो याच्या १६९७च्या संग्रहात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि कथा तेथेच संपते. ग्रिम बंधूंच्या पाठात ती लांडग्याच्या पोटातून जिवंत बाहेर येते. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला, तर त्यांच्या हयातीतील अखेरची मोठी आवृत्ती १८५७ची. मधल्या काळात त्यांनी हिमगौरीच्या छळ करणाऱ्या आईची सावत्र आई केली. तिला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवण्याची शिक्षा मात्र कायम ठेवली. आईचे दुष्टपण त्यांना खटकले, दुष्टाची शिक्षा खटकली नाही.

== मराठी कथा ==
काऊ-चिऊच्या गोष्टीतील शेणाचे घर, मेणाचे घर आणि पाऊस यांचा उल्लेख तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त आढळतो, तेथे चिमणीच्या जागी ‘साळै’ आहे. आज ही गोष्ट निरनिराळ्या शेवटांनी सांगितली जाते. कोठे चिऊ बाळाची आंघोळ, तीट, काजळ आटोपून दार उघडते आणि काऊला ऊब देते; कोठे काऊला चुलीचा किंवा तव्याचा चटका बसतो. पहिला शेवट सौम्य खरा, पण दाराबाहेर भिजणाऱ्याला ताटकळत ठेवण्यातील कठोरपणा दोन्हींत शिल्लक राहतो. काऊला थंडी वाजली असेल का, असे मुले विचारतात ती याच ठिकाणी.

भोपळ्यातील म्हातारीची गोष्ट याउलट सौम्य करावी लागत नाही. वाघ आणि कोल्हा तिला खायलाच टपलेले असतात. ती लेकीकडून जाडजूड होऊन परतण्याचे वचन देऊन सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. वाघ शाकाहारी केला तर भोपळ्याचे कामच उरत नाही.

अवघड उदाहरण चिलया बाळाचे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’त (१७१८) श्रियाळ राजा आणि चांगुणा अतिथीच्या हट्टापायी पोटच्या मुलाचा बळी देतात, शेवटी मूल जिवंत होते. ही भक्तिकथा मोठ्यांसाठी रचलेली आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या ध्यानात त्यातील भक्ती राहत नाही, उखळ राहते. येथे कथा पुळचट करण्यापेक्षा ती काही वर्षे लांबणीवर टाकणे अधिक सयुक्तिक ठरते. पंचतंत्रातील मुंगसाची कथा मात्र मुंगूस वाचवून सांगण्यात अर्थ नाही. उतावीळपणाची किंमत परत मिळत नाही, हेच तिचे सांगणे आहे.

== मतभेद ==
मारिया माँटेसरी लहान वयात कल्पितकथांबाबत साशंक होत्या. त्यांची पद्धती गुजरातेत रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी मात्र मुलांसाठी लोककथा आवर्जून लिहिल्या. ब्रूनो बेटलहाइम याने १९७६च्या ग्रंथात असे मांडले, की मुलाच्या मनातील भीतीला परीकथा आकार देते आणि सुखान्ताने ती आवरते. त्याच्या मनोविश्लेषणावर पुढे बरीच टीका झाली. तरी केवळ गोडवा असलेली कथा मुलाला अपुरी पडते, हा त्याचा मुद्दा टिकून आहे.

== ऐकणारे मूल ==
भीती कोणत्या प्रसंगाची वाटेल हे मुलाच्या परिस्थितीवर अवलंबून असते. माजलगावसह बीड जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि काही मुले हंगामभर आजी-आजोबांजवळ राहतात. अशा मुलाला वाघाचे भय वाटेलच असे नाही. रानात सोडून दिलेल्या भावंडांची गोष्ट मात्र जिव्हारी लागू शकते. सांगणारी आजी मुलाचा चेहरा पाहून आई लवकर परत आणते किंवा तो भाग उद्यावर ढकलते. छापील पुस्तकाला ही सोय नाही. म्हणून मोठ्याने वाचून दाखवण्यापूर्वी पुस्तक एकदा स्वतः वाचावे लागते.