संवाहकाचा हात

बँकॉकच्या वाट फो विहारात शयनमुद्रेतील 46 मीटर लांबीच्या त्या सुवर्णमंडित बुद्धमूर्तीचे दर्शन घेऊन, तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने रेखिलेली 108 मंगलचिन्हे डोळे भरून पाहून, प्रवासाने आंबलेले अंग घेऊन मी त्याच आवारातील मर्दनशाळेत शिरलो, तेव्हा आपण परक्या देशातील एक परकी गोष्ट अनुभवण्यास चाललो आहोत अशीच माझी समजूत होती. जमिनीवरच्या गादीवर मला सैल सुती कपड्यांत निजवून एका उतारवयाच्या बाईंनी प्रथम हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हटले, आणि मग तळपायापासून आरंभ करून, अंगठ्याने एकेक रेषा चेपीत, पुढे कोपराने व गुडघ्याने भार देत, अखेरीस हातपाय धरून ताणीत, तासाभरात माझ्या शरीराचा सांधा न् सांधा जागा केला. तेलाचा एक थेंबही त्यांनी वापरला नाही. निघताना त्या रेषांची नावे मी विचारली, तेव्हा उत्तर मिळाले ते असे: इत्था, पिंगखला, सुमना.

इडा, पिंगळा, सुषुम्ना! पुण्याच्या शुक्रवार पेठेत वाढलेल्या आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचे निरूपण आजोबांच्या शेजारी बसून ऐकलेल्या माणसाला ही नावे ओळखण्यास दुभाषा लागत नाही. मग एकेक शब्द आपली मूळची ओळख सांगू लागला. या विद्येला तेथे जे जुने विशेषण लावतात ते ‘बोरान’ म्हणजे आपले ‘पुराण’. ज्याला वंदन करून कामास हात घालावयाचा तो ‘ख्रू’ म्हणजे गुरू. विहाराच्या आवारात अंग पिळून आसने करीत बसलेले पुतळे ज्यांचे, ते ‘रुएसी’ म्हणजे ऋषी. आणि त्या बाईंनी हात जोडून ज्याचे स्मरण केले, तो या विद्येचा आद्य आचार्य म्हणजे मगधाधिपती बिंबिसाराचा व भगवान बुद्धांचा वैद्य, जीवक कोमारभच्च.

जीवकाची कथा पाली विनयपिटकातील महावग्गात आहे. तक्षशिलेस सात वर्षे अध्ययन केल्यावर गुरूने त्याला योजनभर परिसरात औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले, आणि तशी एकही मिळाली नाही असे सांगत तो रिक्तहस्ते परतला, तेव्हाच त्याचे शिक्षण पुरे झाले. धर्मानंद कोसंबी 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, तेव्हापासून पुण्यातील विद्यार्थ्यांना हे वाङ्मय मुळातून वाचण्याची सोय झाली. त्या कथेत औषधे आहेत, शस्त्रक्रियाही आहे. मर्दन मात्र मला तेथे आढळले नाही. सयामी, म्हणजे थाई, परंपरेने ते जीवकाच्या नावे जमा केले ते श्रद्धेने केले असावे, आणि अशा श्रद्धेला पुराव्याचा तगादा लावू नये असे मला वाटते. शिवाय विहार आणि मर्दन यांचा संबंध आपल्या जुन्या वाङ्मयालाही अपरिचित नाही. त्याच विनयपिटकातील चुल्लवग्गात स्नानाचे नियम आले आहेत, त्यांत भिक्षूंनी झाडांवर, खांबांवर वा भिंतींवर अंग घासण्यास मनाई केलेली आहे, कारण ती मल्लांची रीत. हाताने अंग चोळण्यास मात्र अनुज्ञा आहे. आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या कृपेने मराठी माणसाच्या परिचयाच्या झालेल्या शूद्रकाच्या मृच्छकटिकात तर एक पात्रच संवाहक आहे: पाटलिपुत्राहून उज्जयिनीस आलेला, अंग चेपण्याचे काम कला म्हणून शिकलेला, पण पुढे त्यावरच पोट भरण्याची वेळ आलेला, चारुदत्ताची सेवा केलेला, द्यूतात सर्वस्व गमावलेला आणि शेवटी काषाय वस्त्र धारण करून भिक्षू झालेला. मरणोन्मुख वसंतसेनेला सावध करणारा तोच. वाट फोच्या आवारात बसलो असता मला राहून राहून त्या संवाहकाची आठवण होत होती.

सयामात ही विद्या दगडावर कोरली गेली, याला एक दुःखद कारण आहे. 1767 साली ब्रह्मी फौजांनी सयामची तेव्हाची राजधानी अयुत्थया, म्हणजे त्यांची अयोध्या, बेचिराख केली आणि तिच्याबरोबर असंख्य पोथ्या नष्ट झाल्या. पुढे नव्या राजधानीत तिसऱ्या राम राजाने 1832 पासून वाट फोचा विस्तीर्ण जीर्णोद्धार चालविला, तेव्हा उरलेले ज्ञान पुन्हा ज्वालांच्या स्वाधीन होऊ नये म्हणून त्याने ते संगमरवरी शिलांवर कोरविले. काव्य, वैद्यक, औषधींचे पाठ, आणि मर्दनाच्या रेषा व दाबस्थाने दाखविणाऱ्या मानवाकृतीही. विहारात येणारा कोणीही ते वाचू शके. 1955 साली त्याच आवारात रीतसर पाठशाळा स्थापन झाली, आणि 2019 साली युनेस्कोने या मर्दनविद्येची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

अयुत्थयेचे भस्म होण्यापूर्वी चारच वर्षे, 1763 साली, निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले होते. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याच वर्षी राक्षसभुवनास निजामाचा पराभव केला, शहर पुन्हा उभे राहिले आणि पेशव्यांचे दफ्तरही वाढत गेले. इतके, की गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडून काढलेल्या कागदांचेच 45 खंड झाले. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांत पीलखाना, मुदबखखाना, फरासखाना यांच्या पंक्तीला तालीमखानाही होता. परंतु जमाखर्च हा तेल किती शेर आले आणि खिदमतगारास रोजमुरा काय दिला एवढेच विचारतो, तेल जिरविताना अंगठा कोठे टेकावा, पोटरीवरून हात वर न्यावा की खाली आणावा, हे सांगण्याचे काम कोणत्याही फडणिसाचे नव्हते. ते ज्ञान कागदाबाहेर राहिले, आणि ज्या हातांत राहिले त्यांची प्रतिष्ठा गावगाड्याने ठरवून टाकलेली होती.

शास्त्र म्हणून मर्दनाची थोरवी आपल्याकडे कमी नव्हती. चरकाने तेल लावलेल्या शरीराला वंगण घातलेल्या आसाची उपमा दिली. सुश्रुताने अभ्यंग, उद्वर्तन आणि संवाहन यांचे गुण वेगवेगळे सांगितले. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातील आपल्या मानसोल्लासात राजाच्या स्नानभोगासाठी स्वतंत्र प्रकरण योजिले. ग्रंथ ब्राह्मणवैद्याच्या घरी आणि हात न्हाव्याच्या घरी, अशी मात्र वाटणी झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे जे दर्शन घडते, त्यावरून न्हाव्याच्या माथी किती प्रकारची सेवा होती हे कळते: हजामत तर करावयाचीच, पण कार्यात राबावयाचे, मशाल धरावयाची, आणि गावी मुक्कामास आलेल्या अंमलदाराचे अंगही रगडावयाचे. मोबदला खळ्यावरचे बलुते. ज्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यावयाची आणि ज्याच्या हाती थकले शरीर निःशंकपणे सोपवावयाचे, त्याच्यावरचा विश्वास किती मोठा असला पाहिजे! प्रतापगडी शिवछत्रपतींवर आलेला वार अडविणारा जिवा महाला आणि पन्हाळ्याहून महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेष घेऊन मरण पत्करणारा शिवा काशीद, हे दोघेही न्हावी समाजातले, हे मला योगायोगाचे वाटत नाही. आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी एकत्र जमले व विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरविले, तेव्हा सेवा करणाऱ्या हाताला नकाराचेही बळ असते हे महाराष्ट्राने पाहिले.

पुण्यात मर्दनाला खरा मान मिळाला तो तालमीत. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण आणि ‘मालिश’ म्हणजे चोळणे. पहिला शब्द अरबी, दुसरा फारशी, आणि दोन्ही आज पेठांतल्या पोरासोरांच्या तोंडी असे रुळले आहेत की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले; खडकीच्या लढाईत ज्यांचे वडील पडले त्या लहुजींनी जातिभेद दूर ठेवून अनेकांची शरीरे घडविली. माझ्या लहानपणी आमच्या भागातील तालमीत पहाटे जाण्याचा प्रघात होता, आणि त्या तालमीतला हौदा मला आजही वासाने आठवतो. तांबड्या मातीत काव, ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरलेला तो वास. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की जोड्या पडत आणि एक पट्ठा दुसऱ्याचे अंग रगडू लागे. येथे न्हाव्याचे बलुते नव्हते आणि सेवकही नव्हता. आज ज्याची पाठ चोळली त्याने उद्या आपली चोळावयाची, असा सरळ व्यवहार होता. धाकट्यांनी वस्तादांचे अंग रगडावे, पण वस्तादांनीही नवशिक्या पोराची आखडलेली शीर स्वतःच्या अंगठ्याने मोकळी करावी. मेहनतीपूर्वीचा हात निराळा, झपझप आणि ऊब आणणारा. मेहनतीनंतरचा निराळा, संथ आणि खोल. भारदस्त पैलवानाच्या मांडीवर हाताचा जोर पुरेना, की आढ्याची दोरी धरून एखादा पोरगा वर उभा राही आणि तळपायाने तुडवी. लचक भरली, खांदा निखळला, तर वस्तादच हाडवैद्य. बँकॉकच्या त्या बाईंनी गुडघा माझ्या मांडीवर टेकविला तेव्हा पहिल्याने आठवली ती ही दोरी.

मर्दनाला उपचाराची प्रतिष्ठा मिळाल्याचे आणखी एक ठिकाण पुण्यातच आहे. ताडीवाला रस्त्यावरील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहात महात्मा गांधी 1944 आणि 1946 साली राहिले होते. मर्दन हा गांधीजींच्या दिनक्रमाचा भाग होता. आगाखान महालातील बंदिवासातही तो होता. 1946 सालीच त्यांनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला आणि मणिभाई देसाई यांनी तो आयुष्यभर सांभाळला. ताडीवाला रस्त्यावरच्या ‘बापू भवना’त आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. खेड्यातील गरिबाला पाणी, माती, आहार आणि मानवी हात एवढ्याच साधनांनी बरे करता यावे, ही त्यामागची तळमळ. जो हात बलुत्याच्या हिशेबात कधी वर आला नाही त्याला राष्ट्राच्या आरोग्यविचारात जागा मिळाली, ही मी फार मोठी घटना समजतो.

आज कोरेगाव पार्कापासून बाणेरपर्यंत ‘थाई मसाज’ असे फलक झळकतात. वर्तमानपत्रांत मात्र ‘मसाज’ हा शब्द पुष्कळदा पोलिसी कारवाईच्या बातमीतच भेटतो, आणि ज्या स्त्रियांनी ही विद्या परिश्रमपूर्वक शिकून दूरदेशी येऊन प्रामाणिकपणे पोट भरले, त्यांच्यावर त्या बातमीची सावली विनाकारण पडते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण पुण्यातील मर्दनाची अखंड परंपरा त्या फलकांखाली शोधू नये. ती पाहावयाची तर सकाळी साडेआठच्या सुमारास एखाद्या बाळंतिणीच्या घरी जावे. आमच्या नातीला न्हाऊ-माखू घालण्यास ज्या मावशी येत, त्यांचा हात मी परतल्यानंतर प्रथमच नीट पाहिला. पाटावर बसून, दोन्ही पाय पुढे पसरून, नडग्यांवर त्यांनी बाळाला निजविले, कोमट तेलाने छाती, पोट, पाठ चोळली, टाळू भरली, मग उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला भिडवीत बाळाचे अंग हलकेच ताणले, अगदी तसे, जसे वाट फोमध्ये माझे ताणले गेले होते. हे कोणी शिकविले असे मी विचारता त्या म्हणाल्या, “सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या आईनं.” मग मी त्यांना त्या दूरच्या विहाराची, भिंतीत बसविलेल्या कोरीव शिलांची आणि त्या बाईंची हकिकत सांगितली. त्यांनी सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले.

“तेल कोणतं लावतात काका तिकडं?”

“तेल लावतच नाहीत, मावशी.”

“मग हात सरकतो कसा?”

“सरकवीत नाहीत. अंगठा टेकवतात आणि थोडा वेळ तसाच ठेवतात.”

मावशी काही बोलल्या नाहीत. शेगडीवर ओवा आणि शेपा पडला होता, धुरी नुकती धरू लागली होती. त्यांनी पदराला हात पुसला, नातीचे पाऊल तळहातावर घेतले आणि त्याच्या मधोमध आपला अंगठा अलगद टेकवून, तिच्या तोंडाकडे पाहत, तसाच धरून ठेवला.