जुनी मोटार, लपलेला दोष आणि विश्वासाचा प्रश्न

१/ ऑगस्ट १९७०. अमेरिकेतील ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक तेरा पानी निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते जॉर्ज अकरलॉफ, वय तीस. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. विषय क्षुल्लक आहे, असे त्यांपैकी काहींचे मत होते. याच विचारासाठी २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

२/ त्यांचा मुद्दा साधा होता. जुन्या मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. समजा, चांगल्या मोटारीचे मोल वीस हजार आणि सदोष मोटारीचे दहा हजार आहे. दोन्ही दिसायला सारख्याच असतील, तर गिऱ्हाईक मधला आकडा धरून पंधरा हजार देऊ करणार. चांगल्या मोटारीच्या मालकाला हा सौदा परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या सदोष मोटारी. मग भाव आणखी उतरतो.

३/ अमेरिकी बोलीत फसव्या मोटारीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. म्हणून निबंधाचे नावही ‘लिंबांचा बाजार’. आश्चर्य असे, की या निबंधात भारतही आहे. सावकारी, मॅनेजिंग एजन्सी आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, दाण्यांसारखेच दिसणारे खडे यांची उदाहरणे अकरलॉफ देतात. १९६७-६८ मध्ये ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करत होते.

४/ मात्र त्याच काळात भारतातील जुन्या मोटारींचा बाजार या सिद्धांताच्या नेमका उलट चालत होता. अमेरिकेत नवी मोटार दुकानाबाहेर पडताच तिची किंमत घसरे. भारतात चांगल्या स्थितीतील वापरलेली फियाट नव्या फियाटच्या अधिकृत दरापेक्षा महाग विकली जाऊ शके. हे कसे घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

५/ जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स स्थापन झाली आणि १९४४ मध्ये सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता. तेथे आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी आणि नंतर इटलीच्या फियाट मोटारी तयार होऊ लागल्या.

६/ १९५३ नंतर सरकारी धोरण कडक झाले: सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम नसेल, तर नुसती जुळणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यानंतर सामान्य खरेदीदारासमोर प्रामुख्याने तीनच नावे उरली: उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड.

७/ १९७० च्या दशकात साऱ्या देशाचे वार्षिक मोटार-उत्पादन पन्नास हजारांच्याही आत होते. वितरण व विक्रीवर १९५९ च्या आदेशाने नियंत्रण आले होते. १९६९ मध्ये सरकारने विक्रीचे दरही ठरवून दिले आणि त्यावरून कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गिऱ्हाईक नाव नोंदवून, अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहत राही.

८/ म्हणजे नव्या मोटारीची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नव्हती. ती प्रतीक्षेत मोजली जात होती. ज्याला आजच मोटार हवी, त्याने वर रक्कम मोजावी. बोलीभाषेत तिला ‘ऑन’ म्हणत. जुनी मोटार महाग ठरली, ती उत्तम होती म्हणून नव्हे. ती समोर उभी होती म्हणून. याचा एक परिणाम असा झाला, की चांगल्या मोटारीही बाजारात येत राहिल्या. कारण त्यांना चांगला भाव मिळत होता.

९/ पण ‘लिंबे’ होतीच. ती ओळखली कशी जात? येथे यंत्राची घडण कामी आली. फियाट ११०० आणि तिचीच पुढची रूपे, म्हणजे प्रीमियर प्रेसिडेंट व १९७० च्या दशकातली पद्मिनी, यांत १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. कार्बोरेटर, कॉइल, ‘डेल्को’ (ठिणगी वाटून देणारा भाग) आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बॉनेट उघडले, की सारे यंत्र नजरेसमोर.

१०/ असे इंजिन बंद पडले, तर मिस्त्री तीन प्रश्न विचारी: ठिणगी पडते का? पेट्रोल पोहोचते का? सिलिंडरमध्ये दाब धरला जातो का? प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारला, की पहिल्याचे उत्तर मिळे. कार्बोरेटरची नळी सोडली, की दुसऱ्याचे. तिसऱ्यासाठी दाबमापक लागे. अनुभवी हाताला इंजिन हँडलने फिरवतानाही अंदाज येई.

११/ बोरघाट चढताना उन्हाळ्यात मोटार थांबली, की बहुतेकदा पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असे. पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थोडा वेळ थांबायचे, हा उपाय चालकांना पाठ होता. रेडिएटरसाठी पाण्याचा डबा, फॅनचा पट्टा, पॉइंट घासायला पॉलिश पेपर आणि दोन जादा प्लग एवढी शिदोरी डिकीत असेच. मोटार बाळगणे म्हणजे तिचे दोष ओळखणे, हे गृहीतच होते.

१२/ त्यामुळे जुनी मोटार घेताना मिस्त्रीला सोबत नेणे ही रीत झाली. तो आल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवी. इंजिन आधीच गरम असेल, तर संशय. कारण थंड इंजिनाची खोड लपवण्यासाठी ते गिऱ्हाईक येण्यापूर्वी चालवून ठेवले जाई. मग सुरू इंजिनाचे तेलाचे झाकण काढून तो पाही. आतून धुराचे लोट येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका.

१३/ धुराचा रंग ही त्याची वाचनलिपी. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. इंजिन पुरते तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा साका दिसला, तर पाणी तेलात शिरत असण्याची शक्यता. हेड गॅस्केट गेले असावे. जाड तेल भरून इंजिनाचा आवाज दाबण्याची युक्ती त्याला ठाऊक असे. म्हणून तो तेल बोटांत चोळूनही पाही.

१४/ इंजिनापेक्षा पत्रा अधिक फसवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत दारांच्या खालचा भाग आणि पायाखालची जमीन आतून गंजत जाई. गंजलेल्या जागी लांबी भरून वर चकचकीत रंग दिला, की दृष्टीला काहीच कळत नसे. यावर उपाय लहानसा लोहचुंबक: पत्र्याला चिकटतो, लांबीला चिकटत नाही. चटई उचलून खाली पाहणे हाही त्याच परीक्षेचा भाग. इंजिन पुन्हा बांधता येते. सडलेला सांगाडा बहुधा परवडत नाही.

१५/ किलोमीटरच्या आकड्यावर मिस्त्रीचा विश्वास नसे. जुन्या मीटरमध्ये पाचच खाने असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. शिवाय केबल सोडून आकडा मागे फिरवणे अवघड नव्हते. अमेरिकेने १९७२ मध्ये या फसवणुकीविरुद्ध केंद्रीय कायदा केला. येथे मिस्त्री मीटर सोडून पायांखालचे पेडल पाही. आकडा तीस हजार आणि क्लचचे रबर मात्र गुळगुळीत झालेले, असा विसंवाद बरेच काही सांगून जाई.

१६/ दोष सापडला, तरी सौदा मोडत नसे; भाव उतरे, इतकेच. कारण सुटे भाग मिळत. मुंबईत कुर्ला, कलकत्त्यात मलिक बाजार, दिल्लीत मायापुरी, मद्रासमध्ये पुदुपेट येथे मोडीत निघालेल्या मोटारींचे अवयव दुसऱ्या मोटारींत पुन्हा नांदू लागत. तीनच नावांच्या मोटारी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच रूपात निघत राहिल्याने एकीचा भाग दुसरीला बसे. स्पर्धेचा अभाव हा खरेदीदाराचा तोटा होता. दुरुस्तीसाठी मात्र तोच सोयीचा ठरला.

१७/ या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे विश्वासू मिस्त्री नव्हता, तो नागवला जाई. काही मिस्त्री विकणाऱ्याकडूनही दलाली घेत. तेव्हा गिऱ्हाईक एका अनोळखी माणसाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती सापडे. अकरलॉफ यांचा प्रश्न सुटला नव्हता. तो मोटारीवरून मिस्त्रीवर सरकला होता.

१८/ १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, हलके वजन, कमी पेट्रोल. पुढच्या दोन दशकांत प्रतीक्षा ओसरली, पर्याय वाढले आणि जुनी मोटार नव्यापेक्षा महाग असण्याचे दिवस संपले. भारतीय बाजार अकरलॉफ यांच्या वर्णनाजवळ आला तो असा, टंचाई सरल्यानंतर.

१९/ त्याच सुमारास यंत्रही बदलले. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० च्या आसपास प्रदूषणाचे निकष कडक झाले. कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी, संगणकाने चालणारी इंजिने आली. मोटारी स्वच्छ व भरवशाच्या झाल्या. पण कान, नाक आणि बोटे यांनी दोष ओळखणारा मिस्त्री अर्धा पांगळा झाला. आता दोष स्कॅनर सांगतो आणि विक्रीच्या आदल्या दिवशी ती नोंद पुसताही येते.

२०/ २६ जुलै २००५. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. जुनी पद्मिनी बुडाली, तर तेल बदलून, प्लग आणि डेल्को वाळवून ती पुष्कळदा उभी करता येई. संगणक असलेल्या मोटारीत पाणी तारांच्या जोडांत शिरते आणि तेथील गंज महिनोन्‌महिने आतल्या आत काम करत राहतो. बाहेरून धुऊन-पुसून काढलेली अशी मोटार म्हणजे पाठ्यपुस्तकातले ‘लिंबू’.

२१/ तिची परीक्षाही नवी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, हे पाहावे. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, गालिच्याखालचा कुबट वास, दिव्यांच्या काचेआड साचलेला गाळ हे साक्षीदार. विम्याच्या दाव्यांचा इतिहास विचारावा. मिस्त्रीचे काम काही अंशी कागदांकडे गेले आहे.

२२/ आणि कागद हा दोष लपवणाऱ्या पत्र्याइतकाच धोकादायक असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकी बदलली, की ती आरटीओच्या नोंदीत बदलणे आवश्यक आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. प्रत्यक्षात कोरे फॉर्म सही करून दलालाच्या हाती देण्याची सवय पडली. मोटार हातोहात फिरते, नाव मात्र जुनेच राहते.

२३/ याची किंमत २०१८ च्या एका सर्वोच्च न्यायालयीन निकालात दिसते. एक मोटार एकापाठोपाठ अनेकांनी विकत घेतली. नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघातात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले: नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. बळी गेलेल्याच्या कुटुंबाने खरेदीदारांची साखळी शोधत हिंडावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही.

२४/ म्हणजे फसवणुकीचे पाते दोन्ही बाजूंनी धारदार आहे. घेणाऱ्याला यंत्राचा दोष ठाऊक नसतो. विकणाऱ्याला पुढचा चालक ठाऊक नसतो. मोटार देऊन पैसे घेतल्यावर सौदा संपला असे मानणारा, आपल्या नावाची नोंद अनोळखी माणसाच्या हाती सोपवून घरी जातो.

२५/ अकरलॉफ यांनी अशा बाजाराचे उपायही सांगितले होते: हमी, नावाची पत आणि परवाना. २००१ मध्ये मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले, तेव्हा जुन्या मोटारीमागे कारखान्याचे नाव उभे राहिले. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांसाठी अधिकारपत्र आणले. मोटार अशा विक्रेत्याच्या ताब्यात रीतसर कळवून दिली, की तोच तिचा मालक समजला जातो. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले.

२६/ त्याच वर्षी, ३० ऑक्टोबरला, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ची; वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाली होती. बॉनेट उघडले, की सगळे दाखवणारे यंत्र तिच्याबरोबर गेले.

२७/ अकरलॉफ यांच्या निबंधातील तांदळाचे उदाहरण येथे पुन्हा आठवते. घरोघरच्या बायका तांदूळ सुपात घेऊन उजेडाकडे बसत, ते वाणी वाईटच असतो म्हणून नव्हे. खडा दाताखाली आल्यावर उपयोग नसतो म्हणून. जुनी मोटार घेताना थंड इंजिन पाहणे, चटई उचलणे, चुंबक लावणे आणि शेवटी आरसी बुकावर नाव बदलल्याची खात्री करणे, ही त्याच निवडण्याची रीत आहे.