आधी कोणाकडे?

मंडळी, एक कोडं घालतो. पावसाळ्यातली रात्र. जिवतीच्या पहाडावरच्या गुड्यांमधून साप चावलेले दोघे एकाच जीपमधून दवाखान्यात येतात. एकाचा पाय टम्म सुजलाय, तो बोंबलतोय. दुसरा गुपचूप बाकावर बसलाय. पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जडावल्यात. सिस्टर एकटीच. ती आधी कोणाकडे जाईल?

आमच्या मावशीची हयात वॉर्डात गेली, तिला उत्तर विचारायलाच नको. बाकीच्यांसाठी लिहितोय.

गलका अर्थातच पहिल्याभोवती. पण सिस्टर धावते दुसऱ्याकडे. पहिल्याला बहुधा घोणस चावलीय. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्याने जीवही जातो, पण बहुतेक वेळा हाती काही तास असतात. शिवाय जो ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे! दुसऱ्याला मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. ना फारशी वेदना, ना सूज. मग पापण्या मिटतात, मान लटकते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो.

गलका कोणाचा, हुद्दा काय, हे न बघता जखम बघायची, ही शिस्त नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य लारे याची. १८१२ च्या रशिया मोहिमेच्या आठवणींत त्याने ती मांडली. आपल्याकडे अजून आधी ओळखीच्या माणसाचा नंबर लागतो... असो.

आता त्या गप्प बसलेल्या माणसाला आधी काय द्यायचं? कोणीही म्हणेल, सापाची लस. १८९० च्या दशकात काल्मेतने ती शोधली, पुढे मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये ती बनू लागली. पण लस रक्तात फिरणारं विष मारते. मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा बिघडली की ती सुधारायला दिवस लागतात. तोवर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी श्वास घ्यायचा!

हे जग शिकलं कोपनहेगनमध्ये, १९५२ साली. पोलिओची साथ आली आणि श्वास अडकलेल्या सुरुवातीच्या ३१ पैकी २७ जण दगावले. मग इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून हाताने पिशवी दाबायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. आज दवाखान्यात दिसणारी अंबू बॅग त्यानंतर चार-पाच वर्षांत आली. म्हणून आधी पिशवी हाताशी, मग लस. आणि लसीच्याही आधी ॲड्रेनॅलिन भरून ठेवायचं, कारण लसीचीच जबर ॲलर्जी येऊ शकते.

घोणसवाल्याला विसरलेलं नाही. त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी कलती केल्यावर रक्त वाहिलं, तर त्यालाही लस. प्लास्टिकची नळी चालत नाही.

आणि तो घट्ट बांधलेला दोर! बांधा, चिरा, चोखा, हे सगळं सरकारी मार्गदर्शक सूचनांनी कधीच बाद केलंय, तरी लोक अजून दोर बांधूनच येतात. तो बघताक्षणी सोडावासा वाटतो. पण झटकन सोडला तर अडलेलं विष एकदम अंगभर पसरून श्वास बंद पडू शकतो. म्हणून आधी सलाईन चालू, पिशवी उशाशी, आणि मगच दोराची गाठ, हळूहळू.