जबड्याची जखम आणि दूरचा दंतवैद्य

किरणोपचारानंतर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉडियस रेगो यांनी १९२२ मध्येच मांडले होते. लाळ आटते, दात किडतात. पुढे एखादा दात काढावा लागला तर जखम भरेलच असे नाही. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. मग परळच्या टाटा रुग्णालयातून (स्थापना १९४१) दूरच्या गावी परतलेल्या रुग्णाच्या दातांवर लक्ष कोणी ठेवायचे?

दूरस्थ दंतसेवेचा आरंभीचा मोठा प्रयोग, गंमत म्हणजे, लष्करातला: अमेरिकी सैन्याचा, १९९४ चा. तो सैनिकांसाठी होता. आज त्याच वाटेने छायाचित्रांतून तोंडातले व्रण दिसतात, फ्लोराइडचा वापर चालू आहे का हे विचारता येते. दात काढायचा झाल्यास मात्र आधी किरणांची मात्रा ठाऊक असलेल्या रुग्णालयाशी बोलावे लागते.